रक्तात उतरणारी बुरशी : ताप दिसतो, कारण दिसत नाही

२०२१ च्या उन्हाळ्यात ‘बुरशी’ हा शब्द खान्देशातील घराघरांत पोहोचला. तोपर्यंत लोणच्याच्या बरणीत किंवा पावसाळ्यातील ओलसर भिंतीवर दिसणारी ही गोष्ट माणसाचा डोळा आणि जबडा निकामी करू शकते, हे करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ आलेल्या म्युकरमायकोसिसने दाखवून दिले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार देशात या आजाराचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते आणि त्यांतील ४,३०० हून अधिक दगावले होते. नऊ हजारांवर रुग्ण असलेला महाराष्ट्र या यादीत सर्वांत वर होता. नाकातून काळपट स्राव, गालावर सूज, डोळ्याची पापणी उतरणे ही लक्षणे त्या दिवसांत जळगाव-धुळ्यातील सामान्य माणसालाही तोंडपाठ झाली होती.

ती ‘काळी बुरशी’ निदान चेहऱ्यावर दिसत होती. तिच्याहून कितीतरी अधिक काळ रुग्णालयांत वावरणारी, पण बाहेरून कोणतीही खूण न दाखवणारी दुसरी बुरशी आहे. ती थेट रक्तात उतरते. वैद्यकीय भाषेत या अवस्थेला फंगीमिया म्हणतात आणि तिच्या बहुसंख्य घटनांमागे कॅन्डिडा नावाचे यीस्ट असते. तिचे मुख्य लक्षण एकच, ते म्हणजे न उतरणारा ताप. अतिदक्षता विभागातील दहापैकी नऊ तापांची कारणे वेगळी असल्यामुळे या दहाव्या तापाकडे लक्ष जाईपर्यंत अनेकदा वेळ निघून गेलेली असते.

घरातलाच चोर

कॅन्डिडा बाहेरून येणारा शत्रू नव्हे. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, त्वचेच्या घड्यांत तो जन्मभर मुक्कामाला असतो. आतड्यातील कोट्यवधी जिवाणू त्याला पसरायला जागा देत नाहीत, आतड्याचे अस्तर त्याला पलीकडे जाऊ देत नाही आणि त्यातूनही कोणी निसटलाच तर रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्याचा समाचार घेतात. या तिन्ही तटबंद्या एकाच वेळी ढासळतात तेव्हा हा घरातला पाहुणा चोर होतो.

त्या ढासळतात कशा, हे पाहिले की धोका कोणाला आहे ते आपोआप कळते. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या न्यूट्रोफिल पेशी काही दिवस जवळपास शून्यावर जातात आणि त्याच औषधाने आतड्याचे अस्तरही सोलवटते. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या किंवा आतडे फुटलेल्या रुग्णात बुरशीला सरळ वाट मिळते. मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे मानेत कॅथेटर टाकून डायलिसिस घेणारा रुग्ण, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारा रुग्ण, अनियंत्रित मधुमेह असलेला रुग्ण, अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर असलेला रुग्ण हे सारे या यादीत येतात. सर्वांत नाजूक गट म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेली, दीड किलोहून कमी वजनाची बाळे. त्यांची त्वचाही अजून पुरती तयार झालेली नसते.

यात दोन गोष्टी माणसाने निर्माण केलेल्या आहेत आणि त्याच सर्वाधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे प्रतिजैविकांचा मारा. ही औषधे जिवाणूंना मारतात, बुरशीला नाही. उलट आतड्यातील जिवाणूंची गर्दी हटवून ती बुरशीला मैदान मोकळे करून देतात. दुसरी म्हणजे मान, छाती किंवा मांडीतील मोठ्या शिरेत टाकलेली सेंट्रल लाइन. प्लॅस्टिकच्या या नळीच्या आत कॅन्डिडा चिकट थर करून राहतो. त्या थरात औषध नीट पोहोचत नाही आणि प्रत्येक सलाइनबरोबर थोडी बुरशी रक्तात सोडली जाते.

तीन दिवसांचा हिशेब

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना एक क्रम परिचयाचा असतो. ताप येतो, एक अँटिबायोटिक सुरू होते. तीन दिवसांनी ‘वरचे’ अँटिबायोटिक येते, पुढे त्याहून महागडे. औषधाच्या दुकानातील बिल वाढते, ताप मात्र जागचा हलत नाही. ‘डॉक्टर, आणखी भारी औषध द्या’ हा आग्रह अनेकदा नातेवाइकांकडूनच होतो. रक्तात जिवाणू असतील तर या क्रमाला अर्थ आहे. बुरशी असेल तर प्रत्येक नवे अँटिबायोटिक तिच्या वाटेतील आणखी एक अडथळा दूर करत असते.

या विलंबाची किंमत मोजली गेली आहे. अमेरिकेतील चार रुग्णालयांतील २३० रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्ताचा नमुना घेतला त्याच दिवशी फ्लुकोनाझोल सुरू झालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण १५ टक्के होते. एक दिवस उशीर झाला तर ते २४ टक्के, दोन दिवसांनी ३७ आणि तीन किंवा अधिक दिवसांनी ४१ टक्के झाले. औषध तेच होते. फरक फक्त ते सुरू करण्याच्या दिवसाचा होता.

भारतातील चित्र २०११-१२ मध्ये देशभरातील २७ अतिदक्षता विभागांत झालेल्या पाहणीतून पुढे आले. चंदीगडच्या पीजीआय या संस्थेतील डॉ. अरुणालोक चक्रवर्ती यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात रक्तात कॅन्डिडा सापडलेले १,४०० रुग्ण नोंदले गेले. दर हजार दाखल रुग्णांमागे हे प्रमाण ६.५१ होते आणि तीस दिवसांच्या आत यांपैकी ४४.७ टक्के रुग्णांचा मृत्यू झाला. मूळ आजाराचा वाटा त्यात आहेच, तरीही हा आकडा अस्वस्थ करणारा आहे. दुसरी लक्षणीय बाब म्हणजे पाठ्यपुस्तकांत पहिल्या क्रमांकावर असणारी कॅन्डिडा अल्बिकन्स ही जात येथे मागे पडली होती. ४१.६ टक्के रुग्णांत कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस होती आणि एकूण ३१ जाती आढळल्या. अतिदक्षता विभागात दाखल झाल्यापासून साधारण आठव्या दिवसाच्या आसपास संसर्ग दिसत होता. म्हणजे तो रुग्णालयातच झालेला होता.

बाटलीतील दहा मिलिलिटर

निदानाचा मुख्य आधार आजही जुनाच आहे, तो म्हणजे ब्लड कल्चर. प्रौढ रुग्णाच्या शिरेतून आठ ते दहा मिलिलिटर रक्त घेऊन ते पोषक द्रव असलेल्या बाटलीत सोडतात. एकाच बाटलीवर समाधान न मानता दोन वेगवेगळ्या जागांहून किमान दोन संच घ्यावेत, असा नियम आहे. नळीतून काढलेले रक्त वेगळे. बाटली यंत्रात ठेवली जाते आणि आत काही वाढू लागले की यंत्र सूचना देते. त्यानंतर थेंबभर द्रव काचपट्टीवर घेऊन रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली अंडाकृती, कोंब फुटलेल्या यीस्टच्या पेशी दिसतात. हा क्षण महत्त्वाचा असतो. जातीचे नाव कळायला आणखी एक-दोन दिवस लागतात, पण ‘यीस्ट आहे’ एवढा दूरध्वनी प्रयोगशाळेतून वॉर्डात त्याच वेळी गेला तर औषध त्याच दुपारी सुरू होऊ शकते. छापील अहवाल फाईलला लागण्याची वाट पाहणे येथे परवडत नाही.

या तपासणीच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. शरीरात खोलवर कॅन्डिडा असलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांतच कल्चर तो पकडते. रक्त कमी घेतले तर तेही साधत नाही, आणि एक-दोन मिलिलिटर रक्तावर काम उरकण्याची सवय सर्वत्र आहे. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नसते. खोलीच्या तापमानात ठेवून काही तासांत ती यंत्रात जायला हवी. मे महिन्यातील जळगावात ‘खोलीचे तापमान’ हे शब्दही जपूनच वापरावे लागतात. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या बाटलीच्या अहवालावर कोणी विसंबू नये.

एक बाब मात्र निर्विवाद आहे. त्वचेवरील काही जिवाणू एखाद्या बाटलीत आले तर ‘नमुना दूषित झाला’ म्हणून सोडून देता येते. कॅन्डिडाच्या बाबतीत ही सवलत नाही. एका बाटलीत आला तरी तो खरा मानून उपचार करायचा, हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेले आहे.

खान्देशात सूक्ष्मजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग असलेल्या संस्था आता पूर्वीपेक्षा अधिक आहेत. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासूनचे. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले, नंदुरबारचे २०२० मध्ये. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की हा विभाग बंधनकारकच असतो. अडचण असते ती विभागाबाहेर. चोपडा, शिरपूर किंवा साक्रीच्या छोट्या रुग्णालयातील रुग्णाला कल्चर न घेताच अँटिबायोटिक सुरू होते आणि प्रकृती बिघडल्यावर तो जिल्ह्याला, तेथून नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरला हलवला जातो. कर्करोगाचा रुग्ण मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये केमोथेरपी घेऊन सव्वाचारशे किलोमीटरवरच्या गावी परततो आणि ताप येतो तो गावी. त्याच्या पांढऱ्या पेशी त्याच सुमारास सर्वांत कमी झालेल्या असतात. अशा तापाला घरी पॅरासिटामॉल देऊन दोन दिवस वाट पाहणे म्हणजे वर दिलेल्या टक्केवारीतील दोन पायऱ्या हातच्या घालवणे होय.

ऑरिस : रुग्णालयाला चिकटून राहणारी

कॅन्डिडा ऑरिस ही जात २००९ मध्ये जपानमध्ये एका वृद्ध महिलेच्या कानातील स्रावातून प्रथम वर्णन केली गेली. ‘ऑरिस’ म्हणजे लॅटिनमध्ये कान. रक्तातील संसर्गाच्या रूपात भारतातून तिची नोंद २०१३ मध्ये झाली. दिल्लीच्या दोन रुग्णालयांतील बारा रुग्ण त्यात होते. २७ अतिदक्षता विभागांच्या वर सांगितलेल्या अभ्यासातील नमुने पुन्हा तपासले, तेव्हा त्यांपैकी १९ ठिकाणी ही जात हजर होती. म्हणजे नाव माहीत होण्याआधीच ती देशभर पसरलेली होती. नेहमीची तपासणी यंत्रे तिला दुसऱ्याच जातीचे नाव देत असत, हे त्याचे एक कारण. खात्री करायची तर माल्डी-टॉफ यंत्र किंवा जनुकीय तपासणी लागते.

दहा भारतीय रुग्णालयांतून २००९ ते २०१७ या काळात गोळा झालेल्या ऑरिसच्या ३५० नमुन्यांपैकी सुमारे ९० टक्के नमुने फ्लुकोनाझोलला दाद देत नव्हते. शिवाय ही बुरशी खाटेचा कठडा, रक्तदाबाचा पट्टा, थर्मामीटर यांवर दीर्घकाळ जिवंत राहते आणि नेहमीच्या काही जंतुनाशकांनी हटत नाही. त्यासाठी क्लोरीनयुक्त द्रावण लागते. करोनाच्या पहिल्या लाटेत, एप्रिल ते जुलै २०२० या काळात, दिल्लीतील एका अतिदक्षता विभागात ५९६ करोना रुग्णांपैकी १५ जणांच्या रक्तात कॅन्डिडा सापडला. त्यांतील दहा ऑरिसचे होते आणि त्या दहांपैकी सहा दगावले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली यादी जाहीर केली, तीत सर्वांत वरच्या गटातील चार नावांत ऑरिस आहे.

मर रोगाचे नातेवाईक

याहून दुर्मीळ बुरशीही रक्तात सापडतात आणि त्यांतील एक खान्देशी शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. हरभरा, तूर आणि केळीवरील मर रोग फ्युजेरियम नावाच्या बुरशीमुळे होतो. याच कुळातील काही जाती माणसात नखाच्या कडेतील जखमेतून किंवा श्वासावाटे शिरतात. निरोगी माणसाला त्यांचा उपद्रव क्वचित, आणि तोही बहुधा डोळ्याच्या बाहुलीपुरता होतो. पांढऱ्या पेशी शून्यावर आलेल्या रक्तकर्करोगाच्या रुग्णात मात्र फ्युजेरियम रक्तात जाते आणि अंगावर दुखणारे, मध्यभागी काळे पडणारे फोड उठवते. ॲस्परजिलस रक्ताच्या कल्चरमध्ये सहसा सापडत नाही, फ्युजेरियम सापडते. त्यामुळे केमोथेरपी घेणाऱ्या शेतकरी रुग्णाने चिखलात अनवाणी जाऊ नये, नखांभोवतीची जखम डॉक्टरांना दाखवावी, हा सल्ला वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याला शास्त्राचा आधार आहे.

शेताचा आणखी एक धागा आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळीवरील करप्यासाठी प्रोपिकोनाझोलची फवारणी होते. हे औषध ट्रायझोल गटातील. रुग्णाला दिले जाणारे फ्लुकोनाझोल आणि व्होरिकोनाझोलही त्याच गटातील. शेतीतील अशा औषधांमुळे ॲस्परजिलस ही बुरशी रुग्णालयातील औषधांनाही निगरगट्ट होते, हे नेदरलँड्समध्ये प्रथम लक्षात आले आणि तशाच प्रतिरोधक बुरशी २०१२ मध्ये भारतातील मातीतही आढळल्या. करपा आवरला नाही तर केळीचा घड हाती लागत नाही, त्यामुळे याचा दोष शेतकऱ्यावर ढकलून प्रश्न सुटणार नाही. परंतु कृषी विभाग आणि आरोग्य विभाग या विषयावर एकमेकांशी बोलतात असे चित्र काही दिसत नाही.

ट्रायकोस्पोरॉन, रोडोटोरुला ही आणखी काही नावे. त्यांचे वैशिष्ट्य हे की कॅन्डिडासाठी पहिल्या पसंतीची मानली जाणारी इकायनोकॅन्डिन गटातील इंजेक्शने त्यांच्यावर चालत नाहीत. ‘यीस्ट’ एवढ्याच अहवालावर न थांबता जात ओळखणे का आवश्यक, याचे हे उत्तर. एचआयव्हीबाधितांत क्रिप्टोकॉकस रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. सीडी-४ पेशी १०० च्या खाली गेलेल्या रुग्णांत रक्ताच्या साध्या चाचणीने तो लक्षणांच्या काही आठवडे आधी ओळखता येतो. आणि एक चमत्कारिक प्रकार : जुलाब थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही पुड्यांत जिवंत यीस्टच असते. सेंट्रल लाइन असलेल्या गंभीर रुग्णाच्या खाटेशेजारी अशी पुडी फोडल्यामुळे तेच यीस्ट रक्तात गेल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

औषध आणि त्याची किंमत

उपचाराचा जुना आधारस्तंभ म्हणजे अँफोटेरिसिन-बी. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून १९५० च्या दशकात ते मिळाले. ते प्रभावी आहे. पण थंडी वाजून ताप आणते, पोटॅशियम उतरवते आणि मूत्रपिंडाला इजा करते. ते नेहमीच्या सलाइनमध्ये मिसळले की साका होऊन खाली बसते, म्हणून पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावे लागते. आधीच डायलिसिसवर किंवा केमोथेरपीवर असलेल्या रुग्णाला ते देणे म्हणजे तारेवरची कसरत.

यावर मार्ग काढण्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. औषध मेदाच्या सूक्ष्म पुटकुळ्यांत बंद करून दिले तर मूत्रपिंडाला होणारा त्रास पुष्कळ कमी होतो. हेच लायपोसोमल अँफोटेरिसिन. परदेशी कुपी न परवडणाऱ्या काळात मुंबईच्या केईएम रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातील डॉ. बिमलकुमार बच्छावत यांच्या प्रयत्नांतून त्याचे भारतीय रूप तयार झाले. साध्या अँफोटेरिसिनला न जुमानणारा, सर्व शरीरात पसरलेला कॅन्डिडा संसर्ग या उपचाराने बरा झाल्याचा एका रुग्णाचा वृत्तांत १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत डॉ. क्षीरसागर यांच्याबरोबर ख्यातनाम कर्करोगतज्ज्ञ डॉ. सुरेश अडवाणी हेही होते.

२०२१ मध्ये याच औषधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत धावाधाव झाली. १२ जून २०२१ रोजी जीएसटी परिषदेने त्यावरील कर तात्पुरता शून्यावर आणला, राज्याने म्युकरमायकोसिसचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली घेतले. त्या वेळी रुग्ण मोठ्या संख्येने एकदम समोर आले म्हणून व्यवस्था हलली. रक्तातील कॅन्डिडाचे रुग्ण एकेक करून, वेगवेगळ्या वॉर्डांत, ‘सेप्सिस’ या सर्वसमावेशक शब्दाखाली नोंदले जातात. त्यांच्यासाठी कुठलीही लाट येत नाही, त्यामुळे औषधाचा साठाही कोणी वेगळा मागत नाही.

हातांचा प्रश्न

औषधाइतकेच काम साधा साबण करतो, याचा पुरावा चंदीगडचाच आहे. १९९६ ते १९९८ या काळात तेथील बालरोग विभागात पिचिया अनोमाला या दुर्मीळ यीस्टने ३७९ नवजात अर्भके व बालकांच्या रक्तात प्रवेश केला. कर्मचाऱ्यांना हात धुण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण दिल्यावर आणि धोक्यातील बाळांना प्रतिबंधक औषध सुरू केल्यावरच ती साथ आटोक्यात आली. देशातील अग्रगण्य संस्थेची ही कथा. एका परिचारिकेकडे दहा-बारा बाळे असलेल्या विभागात काय होत असेल, याची कल्पना करता येते.

नातेवाइकांच्या हातीही काही गोष्टी आहेत. वॉर्डात शिरताना-निघताना हात धुणे, रुग्णाच्या नळीला हात न लावणे आणि डॉक्टरांना दोन प्रश्न नम्रपणे विचारणे : ‘साहेब, अँटिबायोटिक बदलण्याआधी रक्ताचे कल्चर पाठवले का?’ आणि ‘मानेतील नळी आणखी किती दिवस लागेल?’ पहिल्या प्रश्नाने निदानाची वाट उघडते. दुसरा यासाठी की, कॅन्डिडा सापडल्यावर शक्य असेल तेथे ती नळी काढणे हा उपचाराचाच भाग असतो.

ताप उतरला की अनेक रुग्ण घरी जाण्याची घाई करतात. पण रक्तातील कॅन्डिडाचा उपचार ताप उतरण्यावर मोजत नाहीत. कल्चर पुन्हा पुन्हा करून ते ज्या दिवशी निर्मळ येते, त्या दिवसापासून पुढे किमान चौदा दिवस औषध द्यावे लागते. शिवाय रक्तातून ही बुरशी डोळ्याच्या पडद्यावर आणि हृदयाच्या झडपांवर जाऊन बसू शकते. त्यामुळे डोळ्यांत औषध घालून पडद्याची तपासणी प्रत्येक रुग्णाची व्हावी लागते, त्याला नजरेची काही तक्रार नसली तरीही.